गाळ

रात्री अकरा ते तीन अशी खिडकी मिळाली आहे.
खिडकी म्हणजे वेळ. आमच्या कामात असंच म्हणतात.
तेवढ्यात एकशे बारा सर्व्हर
नवी मुंबईच्या इमारतीतून चेन्नईच्या इमारतीत न्यायचे,
आणि वापरणाऱ्या कुणाला कळता कामा नये
की आता आपण दुसऱ्या समुद्राकाठी आहोत.

मी दोन्ही इमारती पाहिलेल्या नाहीत.
साकोलीहून अकरा किलोमीटर आत
धानाच्या कोठीला टेकून बसले आहे,
ग्रामपंचायतीची फायबर इथवरच पोचते म्हणून.
कोठीवर राउटर. राउटरवर, उबेला, पाल.

झिबलकाका आले. आमच्या तलावाचे पाणकर.
धान निसवायला लागलं की त्यांचीही रात्रपाळी.
मोबाईल चार्जिंगला लावून उंबऱ्याशी उकिडवे बसले.
"का हलवतेस वो बाई, एवढ्या राती?"

म्हटलं, समजा घर आहे. आत माणसं जेवताहेत.
अख्खं घर उचलून दुसऱ्या गावी ठेवायचं
आणि कुणाच्या ताटातलं वरण सांडू द्यायचं नाही.
"अना वरन पातर असन तं?"

पातळच असतं, काका.
आधी सगळं नकलून घ्यायचं.
नकलेपर्यंत आत कुणीतरी काहीतरी बदलतं.
तेवढं पुन्हा नकलायचं.
मग त्याहून थोडं, मग त्याहून थोडं,
शेवटी उरतं ते इतकं लहान
की श्वास धरून ओलांडता येतं.

एकशे अकरा गेले.
शेवटचा जाईना.
मी जितकं नेते तितकंच तो मागे नवं लिहितो.
एकोणनव्वद टक्के. नव्वद. परत सत्त्याऐंशी.
कुणाचा आहे ठाऊक नाही, नाव नुसतं आकड्यांचं.
पावणेदोनला इतकं कोण लिहीत बसलंय?
एखादं इस्पितळ. कुणाचे निकाल.
किंवा नुसतंच एक यंत्र, दुसऱ्या यंत्राशी बोलणारं.

तेवढ्यात लाईन गेली.
पलीकडच्या टोल्यावर सगळ्यांचे पंप एकदम लागले असणार,
डीपीनं मान टाकली.
इन्व्हर्टर एकदा कण्हला. पाल हलली नाही.
पुण्याहून शलाका लिहिते:
वेग दाब त्याचा, नाहीतर खिडकी बंद होईल.
म्हणजे लिहिणाऱ्याचा हात जरा धरून ठेवायचा.
मला ते आवडत नाही.
मी धरला.

दोनशे ऐंशी मिलिसेकंद
तो कुठेच नव्हता.
इथे नाही, तिथे नाही, मधल्या तारेतही नाही.
मग चेन्नईतून उत्तर आलं,
वाक्य अर्धं सोडलं होतं तिथूनच पुढे.

गेलं, मी काकांना सांगितलं.
"मंग जुन्या जागी का उरलं?"
काहीच नाही. जागा पुसतात, दुसऱ्याला देतात.
"तं मंग ते पान्यासारकं नोहे," ते म्हणाले.
"पानी गेल्यावर गार उरते."
गार म्हणजे गाळ. आमच्याकडे ळ चा र होतो.

फोन काढून घेऊन ते पाळीकडे निघून गेले.
मी नोंदी चाळत राहिले.
जुन्या पत्त्यावर अजून हाका येत होत्या.
निरोप न पोचलेला कुठला तरी दूरचा राउटर
रिकाम्या खोलीचं दार वाजवत होता.
एकदा. चारदा. मग बराच वेळ नाही. मग पुन्हा एकदा.
माझ्या हिंजवडीच्या खोलीवरही
बँकेची पत्रं जातात अजून.
घरमालक फोटो पाठवतो: हे तुमचंच ना?
दोन वर्षं झाली. मी अंगठा दाखवून सोडून देते.

तीन वाजता अहवाल लिहिला.
खंड: नाही. तक्रारी: नाहीत.
काय उरलं, असा रकाना त्यात नसतो.

बाहेर पाण्याचा आवाज बदलला.
काकांनी हातझाड्यांच्या बांदीचं तोंड बुजवून
पुढचं उघडलं असावं;
सकाळी त्यावरून भांडण होईल.
राउटरवरची पाल कधी सरकली
ते मला दिसलं नाही.